लोळण

आपल्या मैदानी हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतो. बर्फावरच्या हॉकीचा ६ फूट रुंद, ४ फूट उंच. श्रीजेश जेवढी जागा राखायचा तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यात राखणारा माणूस, म्हणजे गोली, पायाला पॅड, छातीला चिलखत, हाताला दोन वेगवेगळे अवजड मोजे आणि डोक्याला जाळीचं हेल्मेट असा सगळा जामानिमा चढवून उभा. पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतो, याला कोणी गोल मारतंच कसं? ही गोष्ट अशाच एका चेक गोलीची, दोमिनिक हाशेकची; पण आधी त्याच्या कामाची.

मारतात, ते पकच्या जोरावर. पक म्हणजे कडक रबराची चकती: ३ इंच व्यास, १ इंच जाडी, वजन १५६ ते १७० ग्रॅम. वजनाला क्रिकेटचा चेंडूच म्हणा ना. सामन्याआधी या चकत्या गोठवून ठेवतात, कारण साध्या तापमानाचं रबर बर्फावर टप्पे खातं आणि गोठलेलं सरळ घसरत जातं. व्यावसायिक खेळाडूचा ताकदीनं मारलेला फटका ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो. सुमारे ६० फुटांवरून तो सुटला तर गोलीच्या हातात ०.४४ सेकंद उरतात. पण बरेचसे गोल होतात ते जवळून. २० फुटांवरून ताशी १३० च्या वेगानं निघालेला पक ०.१७ सेकंदात पोचतो, आणि डोळ्यांनी पाहून हात हलायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. हिशेब इथेच संपतो. बघून अडवणं शक्यच नाही.

म्हणून गोली आधीच जाऊन उभा राहतो. कुठे, हे ठरवणं हीच त्याची अर्धी विद्या. समजा मारणारा गोलच्या बरोबर समोर ९ मीटरवर आहे. गोली रेषेवरच उभा राहिला तर त्याला १.८३ मीटरची पूर्ण रुंदी झाकायची आहे. तो १.८ मीटर पुढे आला की झाकायची रुंदी १.४६ मीटर होते. ३ मीटर पुढे आला की १.२२. दिव्यासमोर हात धरला तर भिंतीवरची सावली जशी मोठी होते, तसंच हे. मग आणखी पुढे का येत नाही? कारण मारणारा मारेलच असं नाही. त्यानं पक बाजूच्या सोबत्याला दिला की गोली जितका पुढे, तितकं त्याला मागे आणि आडवं पळावं लागणार, आणि पक माणसापेक्षा नेहमीच वेगानं जातो. प्रत्येक चालीला ही देवाणघेवाण: पुढे यावं तर बाजू उघडी, मागे राहावं तर समोर उघडं.

या कोड्याला गेल्या चाळीसेक वर्षांत एक पाठ्यपुस्तकी उत्तर मिळालं, त्याचं नाव बटरफ्लाय. गुडघे एकमेकांजवळ आणून बर्फावर टेकायचे, पिंढऱ्या दोन्ही बाजूंना फेकायच्या. पायांचे पॅड जमिनीलगत भिंतीसारखे आडवे होतात आणि दोन पायांमधलं खिंडार स्टिकच्या पात्यानं बंद होतं. ग्लेन हॉलनं ही पद्धत चालू केली, टोनी एस्पोझिटोनं ती रुजवली, आणि मॉन्ट्रियलच्या पॅट्रिक रॉयनं प्रशिक्षक फ्रांस्वा आलेर यांच्या हाताखाली तिला व्याकरण दिलं. आज कुठल्याही शिबिरात दहा वर्षांच्या पोराला हेच शिकवतात: टेक, झाक, ऊठ. व्यवस्थित, मोजूनमापून, आणि खरं सांगायचं तर बघायला थोडं कंटाळवाणं.

आणि मग दोमिनिक हाशेक. त्याचा खेळ पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, माणूस घसरून पडला आहे. पाठीवर उताणा, पाय हवेत, एक हात मागे गोलरेषेवर, स्टिक कुठेतरी दूर. लहान मूल हट्टाला पेटून लोळण घेतं तसं. आणि पक त्याच्या अंगाखाली कुठेतरी, आत न गेलेला. एकदा झालं तर नशीब म्हणता येईल. हा माणूस वीस वर्षांहून जास्त हेच करत होता, आणि एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याची अडवणुकीची टक्केवारी ०.९२२ राहिली: हजार फटक्यांतले ९२२ अडवलेले. त्या लीगमध्ये दीर्घकाळ खेळलेल्या कुणाचीही याहून वर नाही.

ही लोळण मुळात हिशेबी होती. तिचे दोन भाग जवळून बघण्यासारखे आहेत.

पहिला भाग उंचीचा. गोल ४ फूट, म्हणजे ४८ इंच उंच. हाशेकच्या भरातल्या काळात पायाच्या पॅडची रुंदी १२ इंचांपर्यंत चालायची (२००५ पासून ती ११ झाली). कुशीवर आडवं होऊन एक पाय दुसऱ्यावर रचला की १२ आणि १२, चोवीस इंच. बरोबर अर्धा गोल, तोही पायांच्या पूर्ण लांबीइतका. आता गोलच्या तोंडाशी जी झोंबाझोंबी चालते, तिथे पक बर्फावरच असतो आणि मारणारा हातभर अंतरावर. एवढ्या जवळून पक दोन फूट उचलायचा आणि तरीही आडव्या दांडीच्या खाली ठेवायचा, तर मनगट सवडीनं फिरवावं लागतं. ती सवड धक्काबुक्कीत मिळत नाही. तेव्हा गोलच्या तोंडाशी खालचा अर्धा भाग बुजवला की काम बहुतेक झालं. वरच्या अर्ध्यासाठी एक हात किंवा एक पाय वर हलता ठेवायचा. उताण्या पडलेल्या हाशेकचे पाय हवेत दिसायचे ते यासाठी.

दुसरा भाग स्टिकचा. गोलीच्या डाव्या हातात झेलायचा मोजा असतो, उजव्या हातात ब्लॉकर. ब्लॉकर म्हणजे पंज्याच्या पाठीवर बसवलेली १५ इंच लांब, ८ इंच रुंद कडक पाटी; तिच्या आतल्या बाजूला बोटं स्टिक धरून असतात. (हाशेक डाव्या हातानं झेलायचा, म्हणजे बहुसंख्यांसारखाच.) आता पक उजव्या हाताशी येऊन पडला तर काय? पाटीनं तो पकडता येत नाही, फक्त ढकलता येतो, आणि ढकललेला पक म्हणजे समोरच्याला दिलेली दुसरी संधी. रिबाउंड. गोली घालवतो ते सामने पहिल्या फटक्यावर क्वचित, बऱ्याचदा रिबाउंडवर. हाशेक अशा वेळी स्टिक सरळ सोडून द्यायचा आणि मोकळ्या झालेल्या उजव्या पंज्यानं पक बर्फावर दाबून टाकायचा. पंच शिट्टी वाजवणार, खेळ थांबणार, सगळे पुन्हा जागेवर. स्टिक टाकणं हा शिकवणीच्या पुस्तकात अपराध आहे. त्याच्या गणितात स्टिकपेक्षा शिट्टी महाग होती.

त्याचं अंग यासाठीच घडलेलं होतं. पाय फाकून दोन्ही खांबांना बुटांची टोकं टेकवायची आणि तिथून पुन्हा उभं राहायचं, हे मल्लखांबावरच्या पोरालाही विचारात पाडेल. पण नुसती लवचीकता असती तर तो सर्कशीत गेला असता. पक पुढच्या क्षणी कुठे जाणार आहे याचा अदमास त्याला बाकीच्यांपेक्षा आधी यायचा. त्याच्या बफेलोच्या एनएचएल संघाचे गोली-प्रशिक्षक मिच कॉर्न सरावाला पांढरे पक वापरत. पांढऱ्या बर्फावर पांढरी चकती शोधायला नजर ताणावी लागते. मग सामन्यातली काळी चकती मोठी वाटायला लागते. साधा उपाय आहे, पण चालतो.

आता कारकिर्दीकडे. हाशेकचा जन्म २९ जानेवारी १९६५ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्से गावचा. पाचेक वर्षांचा असताना वडील त्याला निवड चाचणीला घेऊन गेले, तेव्हा त्याच्याकडे धड स्केट्सही नव्हते, बुटांच्या तळव्याला स्क्रूनं पाती बसवलेली होती. पोरगा उंच, आणि नऊ वर्षांच्या मुलांच्या संघाला गोली नव्हता. दिला उभा करून. सोळाव्या वर्षी तो गावच्याच क्लबकडून देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत होता. पुढे १९८६ ते १९९० सलग पाच वर्षं तो तिथला सर्वोत्तम गोली ठरला.

१९८३ साली शिकागोच्या संघानं त्याचं नाव एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटणीत, घेतलं, तेही दहाव्या फेरीत. एवढ्या खाली नाव लावतात ते लॉटरीचं तिकीट म्हणून. लोखंडी पडद्याआडचा खेळाडू येणार कधी? हाशेकला स्वतःलाही ही बातमी कित्येक महिन्यांनी कळली. १९८९ च्या नोव्हेंबरात प्रागमध्ये राजवट कोसळली, तो तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत, सैन्याच्या दुक्ला यिहलावा संघाकडून खेळत होता. १९९० मध्ये अमेरिकेत पोचला तेव्हा वय २५.

आणि बाकावर बसला. इथे या धंद्याचं अर्थशास्त्र समजून घ्यायला हवं. त्या वर्षी एनएचएलमध्ये २१ संघ होते. सामन्याला प्रत्येकी दोन गोली पोशाखात, म्हणजे ४२ जागा, पैकी बर्फावर उतरणारे २१. आघाडीचा खेळाडू पहिल्या फळीत बसला नाही तर तिसऱ्या-चौथ्या फळीत त्याला मिनिटं मिळतात. गोलीला अशी फळी नसते. मुख्य गोली चांगला खेळतोय तोवर तुम्ही टोपी घालून बाकाच्या टोकाला. आपल्याकडे राखीव यष्टिरक्षकाचं जे होतं तेच, फक्त इथे दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बॅकअप गोली सरावाला सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो, कारण जखमेतून परतणाऱ्या, फॉर्म हरवलेल्या प्रत्येकाला मारायला कोणीतरी समोर लागतं. सामन्यात बाकाचं दार उघडझाप करणं हेही बहुधा त्याच्याकडेच. आणि एवढं करून अंग कायम गरम ठेवायचं. मुख्य गोली जखमी झाला तर पाच मिनिटांचा सराव मिळणार नसतो.

शिकागोत मुख्य गोली होता एड बेलफोर, स्वतः उत्तम. दोन मोसमांत हाशेकला मिळाले २५ सामने. उरलेला काळ इंडियानापोलिसच्या दुय्यम संघात. शिकागोतही त्याची लोळण पाहून कपाळाला आठ्या घालणारे होतेच. १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्याला बफेलोला देऊन टाकलं, बदल्यात एक गोली आणि ड्राफ्टमधली एक चौथ्या फेरीची निवड. तिथेही काही महिन्यांत मुख्य गोली म्हणून आला ग्रँट फ्युअर, पाच स्टॅन्ली कपांचा, म्हणजे एनएचएलच्या पाच विजेतेपदांचा मानकरी. १९९३ मध्ये नव्या संघांसाठी खेळाडू मोकळे सोडायची वेळ आली तेव्हा बफेलोनं हाशेकला यादीत उघडं ठेवलं, आणि कोणीही त्याला उचललं नाही. जगातला सर्वोत्तम गोली जवळजवळ फुकट उपलब्ध होता. मला ही गोष्ट हॉकीतल्या कुठल्याही गोलपेक्षा जास्त नवलाची वाटते.

मग फ्युअर जखमी झाला. १९९३-९४ च्या त्या मोसमात हाशेकनं सामन्यामागे सरासरी १.९५ गोल दिले. दोनच्या खाली कोणी आलं त्याला वीस वर्षं झाली होती. १९७४ मध्ये फिलाडेल्फियाचा बर्नी पॅरंट. हाशेकला सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी पहिल्यांदा मिळाली, वयाच्या २९ व्या वर्षी. पुढे आणखी पाच.

त्या मोसमाचा शेवट बघा. २७ एप्रिल १९९४, बफेलोचं जुनं सभागृह, समोर न्यू जर्सी. बाद फेरीच्या मालिकेतला सहावा सामना, हरलं तर घरी. तीन वीस-वीस मिनिटांची सत्रं झाली, ०-०. एक जादा सत्र, दुसरं, तिसरं, ०-०. चौथ्या जादा सत्रात ५ मिनिटं ४३ सेकंदांनी डेव्ह हॅननचा गोल झाला तेव्हा हाशेकनं ७० फटके अडवलेले होते. पलीकडे मार्टिन ब्रोदेअर नावाच्या नवख्या पोरानं ४९. गोलीचा पोशाख कोरडा असताना १८-२० किलो भरतो. सव्वाशे मिनिटांनंतर घाम पिऊन तो किती होतो याची कल्पनाच करावी. सातवा सामना बफेलो हरलं.

टक्केवारीचं थोडं बोलायला हवं, कारण ०.९२२ आणि ०.९०० यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. सामन्याला ३० फटके धरले तर साधारण गोली तीन सोडतो, हाशेक दोन आणि थोडं. पण १९९७-९८ मध्ये हाशेकवर २,१४९ फटके आले आणि त्याची त्या वर्षीची टक्केवारी होती ०.९३२. तेवढ्याच फटक्यांवर ०.९०० च्या गोलीनं जवळजवळ ६८ गोल जास्त दिले असते. ८२ सामन्यांच्या मोसमात ६८ गोल म्हणजे तळाचा संघ आणि बाद फेरीतला संघ यांतलं अंतर. त्या मोसमात १३ सामन्यांत त्यानं एकही गोल दिला नाही, त्यातले सहा एकट्या डिसेंबरात. सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी १९९७ आणि १९९८, लागोपाठ दोनदा. ती दोनदा मिळालेला दुसरा गोली नाही.

आणि मध्ये नागानो. एनएचएलनं १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी पहिल्यांदाच मोसम थांबवून आपले खेळाडू पाठवले. उपांत्य सामना चेक विरुद्ध कॅनडा, एका टोकाला हाशेक, दुसऱ्या टोकाला पॅट्रिक रॉय: लोळण आणि व्याकरण समोरासमोर. सामना १-१, मग पाच-पाच फटक्यांची शूटआउट.

शूटआउटमध्ये मारणारा मधून एकटा पक घेऊन निघतो. गोली क्रीजच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या जागेच्या, पुढे येतो, म्हणजे कोन छोटा होतो, आणि मग मारणाऱ्याच्या वेगाला वेग जुळवत मागे घसरायला लागतो. जास्त वेगानं मागे गेला तर कोन पुन्हा उघडतो. हळू गेला तर मारणारा बगल देऊन रिकाम्या जाळीपाशी. या सगळ्यात खरी झुंज एकच: आधी हलतो कोण. गोलीनं पाय टेकले की मारणाऱ्याला वर जागा दिसते, एका बाजूला झुकला की दुसरी. बहुतेक गोली हलतात, कारण थांबून राहणं अंगाला सहन होत नाही. हाशेक थांबायचा. आपण पडलो तरी पाय खांबापर्यंत पोचतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला उशीर परवडायचा. मारणारा मात्र गोलच्या इतका जवळ येऊन पोचलेला असायचा की आता पक उचलायला जागाच नाही. कॅनडाचे फ्लुरी, बुर्क, न्यूएनडाइक, लिंड्रॉस, शॅनहन. पाचांपैकी एकाचाही गेला नाही. लिंड्रॉसचा खांबाला लागला. चेककडून रॉबर्ट रायखेलनं मारलेला पहिलाच आत. बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत मोठा मानला जाणारा वेन ग्रेट्झकी, त्याला कॅनडाच्या प्रशिक्षकांनी पाचांत घेतलंच नव्हतं, त्यावर तिकडे आजही भांडणं होतात. अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध १-०. सहा सामन्यांत हाशेकनं दिलेले एकूण गोल सहा. प्रागच्या चौकात लोक ओरडत होते, ‘हाशेक ना ह्राद’, हाशेकला गडावर पाठवा. गड म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान.

लोळणीची किंमतही सांगितली पाहिजे. जून १९९९, स्टॅन्ली कपची अंतिम मालिका, डॅलसविरुद्ध सहावा सामना, तिसरं जादा सत्र. गोलच्या तोंडाशी झोंबाझोंबी, हाशेक आडवा, पक त्याच्यापासून थोडा सुटा. समोर ब्रेट हल, वेळ भरपूर. पडलेल्या माणसाला जागा बदलता येत नाही, हात-पाय पोचतील तेवढंच त्याचं राज्य. बटरफ्लायवाला गुडघ्यावर असतो, तो निदान सरकू शकतो. पक आत गेला. हलचा एक पाय क्रीजमध्ये होता, आणि तेव्हाच्या नियमानं तो तिथे चालत होता की नाही याचा काथ्याकूट बफेलोत अजून संपलेला नाही. पुढच्या मोसमापासून तो नियमच काढून टाकला. कप डॅलसकडेच राहिला.

कप त्याला २००२ मध्ये डेट्रॉइटकडून मिळाला, वयाच्या ३७ व्या वर्षी. त्या बाद फेरीत सहा सामने कोरे, त्यातले दोन कोलोरॅडोविरुद्ध लागोपाठ, मालिका जात असताना. मग निवृत्ती. मग परत. यापुढची कारकीर्द बरीचशी जांघेच्या स्नायूंची कहाणी आहे. मांडी आतल्या बाजूला ओढणारे हे स्नायू गोलीचं इंजिन असतात: फाकलेला पाय परत आणणं, आडवं सरकताना ढकलणं, सगळं त्यांच्यावर. ताणले गेले की चालता येतं, स्केटिंगही जमतं, पण नेमकी ती एक झेप मारता येत नाही, आणि पुरतं बरं होण्याआधी मारली की पुन्हा पहिल्यापासून. आजचे बटरफ्लायवाले खुब्याच्या सांध्यावर शस्त्रक्रिया करून घेतात, हाशेकची पिढी जांघ धरून बसायची. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये तो पहिल्याच सामन्यात दहा मिनिटांच्या आत बाहेर आला, आणि ओटावाच्या संघाला त्या मोसमात पुन्हा मिळाला नाही.

२००८ मध्ये डेट्रॉइटनं बाद फेरीची सुरुवात त्याच्यासह केली. चार सामन्यांनंतर प्रशिक्षकांनी ख्रिस ऑसगुडला उभं केलं आणि संघानं कप जिंकला. त्रेचाळीस वर्षांचा हाशेक बाकाच्या टोकाला टोपी घालून बसला होता, शिकागोत बसायचा तसाच. त्यानं निवृत्ती जाहीर केली, वर्षभर थांबला, आणि पार्दुबित्सेला परत गेला.

पार्दुबित्सेनं १९८७ साली लीग जिंकली तेव्हा गोलमध्ये हाशेक होता. २०१० साली जिंकली तेव्हाही तोच होता, वय ४५. पुढचा मोसम तो मॉस्कोला जाऊन खेळला.